एस्लिंगनची होखशूले : मराठी विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

ही संस्था नेमकी कुठे आहे आणि किती जुनी?

जर्मनीच्या नैर्ऋत्येला बाडेन-व्युर्टेमबेर्ग हे राज्य आहे. त्याची राजधानी स्टुटगार्ट. तिथून एस-१ लोकल पकडली की पंधरा-वीस मिनिटांत नेकार नदीकाठचं एस्लिंगन येतं. गाव जुनं आहे. चौदाव्या शतकातली लाकडी चौकटींची घरं आजही राहती आहेत, टेकडीवर द्राक्षमळे आहेत आणि नदीच्या अंगाला कारखाने. या होखशूलेची, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थेची (‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’), मुळं १८६८ साली स्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या यंत्र-अभियांत्रिकीच्या शिक्षणात आहेत. १९१४ साली ती शाळा एस्लिंगनला हलली. १९७१च्या सुमारास जर्मनीभर अशा अभियांत्रिकी शाळांना उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा मिळाला, त्यात हीसुद्धा होती. २००६ साली गावातलीच समाजकार्याची होखशूले तिच्यात विलीन झाली आणि आजची संस्था उभी राहिली. विद्यार्थी सहा हजारांच्या आसपास आहेत. एस्लिंगनमधल्या जागांशिवाय ग्योपिंगन या शेजारच्या शहरात १९८८पासून एक कॅम्पस आहे. अर्ज करताना आपला अभ्यासक्रम कोणत्या गावात चालतो ते आधी बघा, कारण खोली त्यानुसार शोधावी लागते.

ही सरकारी संस्था आहे. ते इथेच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा त्याच्याशी संबंध आहे.

विद्यापीठ आणि अशी होखशूले यांत फरक काय? दर्जा कमी असतो का?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि चौकशी बहुतेकदा याच्यावरच अडते. याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

कायद्यानं पदवीत फरक नाही. बॅचलर म्हणजे बॅचलर, मास्टर म्हणजे मास्टर. फरक आहे तो शिकवण्याच्या पद्धतीत आणि शिकवणाऱ्यांत. विद्यापीठात सिद्धांत आणि संशोधन आधी येतं. होखशूलेत उद्योगातला प्रश्न आधी येतो आणि तो सोडवायला लागेल तेवढा सिद्धांत त्याच्या मागून. इथे प्राध्यापक व्हायचं तर डॉक्टरेट असूनही भागत नाही. किमान पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि त्यातली तीन वर्षं उच्च शिक्षणाच्या बाहेर, म्हणजे कंपनीत किंवा प्रत्यक्ष व्यवसायात काढलेली असावी लागतात. म्हणजे ब्रेक शिकवणाऱ्या माणसानं ब्रेक बनवण्याच्या कामात दिवस काढलेले असतात. शिकवण्याचा भारही मोठा आहे. विद्यापीठातला प्राध्यापक आठवड्याला साधारण आठ-नऊ तास शिकवतो, होखशूलेतला अठरा. त्यामुळे तो वर्गात दिसतो, प्रयोगशाळेत दिसतो आणि विद्यार्थ्यांना ओळखतो. वर्गही लहान असतात.

आता दुसरी बाजू. ज्याला क्वांटम भौतिकी किंवा शुद्ध गणित करायचं आहे, ज्याच्या डोक्यात आत्तापासून संशोधनच आहे, त्यानं विद्यापीठात जावं. क्यूएससारख्या जागतिक क्रमवारीत या होखशूले जवळपास दिसतच नाहीत, कारण त्या याद्या मुख्यतः संशोधनाच्या मापानं बनतात. शेजाऱ्यांना सांगायला क्रमांक हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. पण ज्या मुलाला सुटं केलेलं गिअरबॉक्स बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही, त्याच्यासाठी ही जागा विद्यापीठापेक्षा चांगली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणकोणते अभ्यासक्रम आहेत?

अभियांत्रिकी हा कणा आहे : वाहन अभियांत्रिकी, यंत्र अभियांत्रिकी, मेकॅट्रॉनिक्स, विद्युत अभियांत्रिकी, सॉफ्टवेअर आणि माध्यम-माहितीशास्त्र, औद्योगिक व्यवस्थापन. त्याच्या जोडीला इमारत, ऊर्जा आणि पर्यावरण तंत्र, जैवतंत्रज्ञान आणि रसायन अभियांत्रिकी. रसायनात इथे रंग आणि लाख, म्हणजे पेंट आणि कोटिंग, ही खास शाखा आहे. हा विषय पदवीपर्यंत शिकवणाऱ्या जागा जर्मनीत मोजक्याच आहेत. मुंबई-पुणे पट्ट्यात पेंटच्या कंपन्या एवढ्या आहेत, तरी आपल्याकडून या शाखेची चौकशी क्वचितच होते. केमिकलच्या विद्यार्थ्यांनी ती जरूर बघावी.

याशिवाय समाजकार्य, बालशिक्षण आणि परिचर्या, म्हणजे नर्सिंग, हेही पदवी अभ्यासक्रम आहेत. ते पूर्णपणे जर्मन भाषेतून चालतात आणि भाषेवर चांगली पकड असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बॅचलर सात सत्रांची, म्हणजे साडेतीन वर्षांची आणि २१० क्रेडिटची. मास्टर सहसा तीन सत्रांची आणि ९० क्रेडिटची. या राज्यातल्या होखशूलेत हिवाळी सत्र १ सप्टेंबरला आणि उन्हाळी १ मार्चला सुरू झालं असं धरतात. विद्यापीठांची सत्रं एक महिना मागे असतात. व्हिसाची तारीख ठरवताना हा महिना विसरू नका.

इंग्रजीतून शिकता येतं का?

मास्टरला येतं, बॅचलरला जवळपास नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी इथे वाहन आणि यंत्र अभियांत्रिकीतले इंग्रजी मास्टर आणि औद्योगिक व्यवस्थापनातलं एमबीए अनेक वर्षं चालत आले आहेत. भारतीय विद्यार्थी प्रामुख्यानं त्यांतच असतात. अभ्यासक्रमांची नावं आणि विषयांची वाटणी अधूनमधून बदलते, म्हणून मित्राच्या जुन्या माहितीवर न जाता ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर वाचा. बॅचलर जर्मनमधून असते आणि तिच्यासाठी साधारण सी-१ पातळीचं (भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांत वरून दुसरी) प्रमाणपत्र लागतं.

प्रात्यक्षिक सत्र म्हणजे काय? आपल्या इंटर्नशिपसारखंच ना?

नाही. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत इंटर्नशिप म्हणजे एक पत्र, एक शिक्का आणि शेवटी एक अहवाल. इथे बॅचलरच्या सात सत्रांपैकी एक अख्खं सत्र, बहुधा पाचवं, कंपनीत जातं. सकाळी हजेरी, टीममध्ये जागा, साहेबानं दिलेलं खरं काम, आठवड्याची बैठक. त्याचे क्रेडिट मिळतात. ते झाल्याशिवाय पदवी नाही.

कंपनी विद्यार्थ्यानं स्वतः शोधायची असते. होखशूले पत्ते देते, मेळावे भरवते, पण अर्ज आणि मुलाखत तुमची. एस्लिंगनचा फायदा इथे कळतो. फेस्टो या ऑटोमेशन कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि हीटिंगचं काम करणारी एबरस्पेशरही इथलीच. मर्सिडीजचा उंटरट्युर्कहाइमचा कारखाना नदीच्या खालच्या अंगाला, लोकलच्या काही थांब्यांवर. बॉश, माले, ट्रुम्फ या सगळ्या स्टुटगार्टच्या भोवती. ग्योपिंगनमध्ये पत्रा दाबणारे अजस्र प्रेस बनवणारी शूलर आहे आणि खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांची मेर्कलिनसुद्धा. चाकण-पिंपरीच्या पोरांना यातली निम्मी नावं पाट्यांवर वाचून पाठ असतात.

सक्तीच्या प्रात्यक्षिक सत्राला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे मानधन कंपनीनुसार कमी-जास्त असतं. मास्टरला असं सक्तीचं सत्र सहसा नसतं, पण प्रबंधाचे सहा महिने कंपनीत करता येतात आणि जमलं तर तसंच करावं. नोकरीचं दार अनेकदा तिथूनच उघडतं. ज्यांनी आपल्या कॉलेजात बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या वाहन-स्पर्धांच्या गाडीवर काम केलं आहे, त्यांना इथे ओळखीचं वाटेल असं आणखी एक ठिकाण म्हणजे फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेतली ई.श्टाल ही टीम. ती विजेवर चालणारी रेसिंग कार बनवते. तिच्यात काम केल्याचा उल्लेख मुलाखतीत कामी येतो आणि जर्मन बोलण्याची भीतीही तिथेच जाते.

बारावीनंतर थेट प्रवेश मिळेल का?

फक्त बारावीवर नाही. तीन वाटा आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट अर्ज करता येतो. दुसरी वाट म्हणजे भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याच शाखेचं किमान एक वर्ष नियमित पूर्ण करायचं आणि मग अर्ज करायचा. तिसरी वाट श्टुडियनकोलेगची, म्हणजे एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग आणि शेवटी परीक्षा. या राज्यातल्या होखशूलेंसाठीचा असा वर्ग बोडेन सरोवराकाठच्या कोन्स्टान्स शहरात आहे. बारावीला गणित आणि विज्ञान नसेल तर अभियांत्रिकीचा विचार सोडावा.

यांत माझा कौल दुसऱ्या वाटेला. भारतातच अभियांत्रिकीचं एक वर्ष काढा, त्या वर्षभरात जर्मन मनापासून शिका, आणि मग ठरवा. अठराव्या वर्षी परक्या भाषेत परक्या गावी एकटं राहणं प्रत्येक मुलाला झेपत नाही. ते वर्ष वाया जात नाही.

माझा सीजीपीए ७.६ आहे. जर्मन हिशेबात तो किती?

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आकडा जितका लहान तितका बरा. रूपांतरासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात. दहाच्या मापात पास होण्याची मर्यादा ४ असेल तर हिशेब सोपा होतो : दहातून तुमचा सीजीपीए वजा करा, जे उरेल ते निम्मं करा, त्यात एक मिळवा. १० वजा ७.६ म्हणजे २.४. त्याचं निम्मं १.२. अधिक एक, म्हणजे २.२. याच हिशेबानं ८.० चा २.० होतो आणि ७.० चा २.५.

तुमच्या विद्यापीठाची पास मर्यादा वेगळी असेल तर भागाकार बदलतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेला नियम स्कॅन करून सोबत जोडा. तो जोडला नाही तर अर्ज तपासणारा आपल्या समजुतीनं आकडा घेतो आणि त्यात नुकसान होऊ शकतं. २.५ च्या आत असाल तर बऱ्याच इंग्रजी मास्टरना अर्ज करण्यात अर्थ आहे. त्याच्या बाहेर असाल तर कामाचा अनुभव आणि विषयांची जुळणी यांवर भर द्यावा लागेल.

बी.एस्सी. तीन वर्षांची आहे. चालेल?

मास्टर पूर्ण होताना एकूण ३०० क्रेडिट व्हावे लागतात. मास्टर ९० ची असेल तर बॅचलर २१० ची हवी. चार वर्षांची बी.ई. किंवा बी.टेक. सहसा त्यात बसते. तीन वर्षांची पदवी सहसा १८० धरली जाते, म्हणजे ३० क्रेडिट कमी. काही ठिकाणी हे ३० प्रवेशानंतर भरून घेतात, काही ठिकाणी अर्जच बाद होतो. अशांनी दोन वर्षांची, १२० क्रेडिटची मास्टर शोधणं जास्त शहाणपणाचं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका बी.ई.च्या सोबत जोडाव्यात.

एपीएस काय आहे आणि ते कधी करायचं?

तुमची कागदपत्रं खरी आहेत आणि ती जर्मनीत शिकायला पात्र ठरतात, हे तपासणारं कार्यालय. ते दिल्लीत जर्मन दूतावासाशी जोडलेलं आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी त्याचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. अर्जांचा ओघ वाढला की वेळ लागतो, म्हणून पाचव्या-सहाव्या सत्राच्या गुणपत्रिका हातात आल्या की तयारीला लागा. बॅचलरच्या अर्जाची मुदत हिवाळी सत्रासाठी साधारण १५ जुलै असते, इंग्रजी मास्टरची बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी. एपीएसच्या घोळात मुदत हुकलेली बरीच मुलं आहेत, आणि हळहळ वाटते ती यासाठी की त्यांचे गुण उत्तम होते.

जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना? मग इथे फी का?

बहुतेक राज्यांत सरकारी संस्थांना फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबेर्गनं २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लावली. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तीन सत्रांच्या मास्टरला साडेचार लाख आणि सात सत्रांच्या बॅचलरला साडेदहा लाख. शिवाय दर सत्राला प्रशासन आणि विद्यार्थी कल्याणाचा वेगळा आकार भरावा लागतो.

शेजारच्या राज्यात फुकट मिळत असताना इथे का यावं? मास्टरपुरतं बोलायचं तर हा परिसर उद्योगांनी भरलेला आहे आणि साडेचार लाख ही त्या जवळिकीची किंमत आहे. ज्याला ती परवडत नाही, त्यानं आखेन, ब्रेमेन, ऑसनाब्र्युक इथल्या होखशूले बघाव्यात. शिकवण्याची रीत तीच आहे. कर्ज काढून इथेच यायला हवं असा आग्रह मी कुणाला करणार नाही.

महिन्याचा खर्च किती?

व्हिसासाठी ब्लॉक केलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. हा पैसा फी नाही, तुमचाच आहे, जगण्यासाठी आहे. आरोग्य विमा तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतो, तरी महिन्याला १४० युरोच्या आसपास जातो. सगळ्यात मोठा घास भाड्याचा. स्टुटगार्ट परिसर जर्मनीतल्या महाग भागांत मोडतो. वसतिगृहात खोली मिळाली तर ९९२ मध्ये भागतं, बाहेर राहिलात तर ओढाताण होते. पहिल्या महिन्यात अनामत, चादरी-भांडी, तिकीट यांसाठी हाताशी वेगळे हजार-दीड हजार युरो असावेत.

शिष्यवृत्ती मिळते का?

होखशूलेत असताना डॉइचलांड शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. ती महिन्याला ३०० युरो असते, निम्मे पैसे सरकार देतं आणि निम्मे खासगी दाते, आणि कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्याला ती खुली आहे. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या शिष्यवृत्त्याही आहेत, पण स्पर्धा फार. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीबद्दल नेहमी विचारणा होते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती क्यूएस क्रमवारीतल्या वरच्या संस्थांपुरती आहे आणि होखशूले त्या यादीत नसतात. ज्या मुलाचं सगळं गणित या शिष्यवृत्तीवर आहे, त्यानं विद्यापीठाचाच अर्ज करावा. हे आधी कळलं नाही तर वर्ष फुकट जातं.

शिकताना काम करता येतं?

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. मार्च २०२४ पासून ही मर्यादा आहे. व्याख्यानांच्या काळात आठवड्याला वीस तासांच्या आत राहावं, नाहीतर विद्यार्थी विम्याची सवलत जाते. किमान वेतन २०२५ साली तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० झालं. पहिल्या सत्रात काम शोधू नका. दुसऱ्यापासून आपल्या विषयातलं अर्धवेळ काम शोधा. गोदामातल्या कामातून पैसे मिळतील, पण प्रयोगशाळेतल्या सहायकाच्या कामातून ओळखी मिळतील. पहिल्या सत्राचे पैसे घरूनच जुळवून निघा. पोहोचल्यावर कमवून फी भरू, या हिशेबावर आलेल्या मुलांची फार फरफट होते.

परीक्षा कशा असतात? बॅकलॉग राहिला तर?

नव्वद मिनिटांचा किंवा दोन तासांचा पेपर, आणि अनेक विषयांत सगळे गुण त्याच्यावरच. नापासांना संधी मोजक्याच मिळतात. शेवटच्या संधीतही गेला तर नाव कमी होतं, आणि तो अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे चालवता येत नाही. आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीनं इथे चालू नये. गाइड वाचून आदल्या रात्री पास होण्याची सोय नाही. मागच्या वर्षांचे पेपर विद्यार्थी संघटनेकडे मिळतात, ते मागून घ्यावेत. तयारी झालेली नसेल तर ठरलेल्या मुदतीत पेपरातून नाव काढून घेता येतं. ही मुदत पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवा.

एजंटमार्फत जावं का?

सरकारी होखशूलेला अर्ज स्वतः करता येतो आणि तो स्वतःच करावा. सरकारी संस्था एजंटला कमिशन देत नाहीत. म्हणून काही एजंट मुलांना खासगी संस्थांकडे वळवतात, तिथे वर्षाची फी दहा-पंधरा लाखांपर्यंत जाते आणि नाव मात्र तसंच ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’. पालकांना वाटतं जर्मनी म्हणजे सगळं सरकारी. खासगी संस्था सगळ्याच वाईट नाहीत, पण ती खासगी आहे हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. संस्थेचं नाव होखशूलकोम्पास या जर्मन उच्च शिक्षणसंस्थांच्या ऑनलाइन यादीत शोधा, तिथे सरकारी की खासगी हे स्पष्ट लिहिलेलं असतं. मग आनाबिन या डेटाबेसमध्ये तिच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, अशी खूण आहे का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. शेती गहाण टाकून पैसे उभे केलेल्या घरांसाठी ही दहा मिनिटं फार मोलाची आहेत.

मास्टर इंग्रजीत असेल तर जर्मन कशाला?

वर्गात लागणार नाही. वर्गाबाहेर प्रत्येक ठिकाणी लागेल. घरमालकाशी, डॉक्टरकडे, वास्तव्य परवान्याच्या कार्यालयात आणि सर्वांत जास्त मुलाखतीत. या परिसरातल्या कितीतरी चांगल्या कंपन्या दोनशे-पाचशे माणसांच्या, घरगुती मालकीच्या आहेत. त्यांची बैठक जर्मनमध्ये चालते, खरं तर श्वेबिश बोलीत. इंग्रजीवर भागवणारा विद्यार्थी मोठ्या चार-पाच कंपन्यांच्या दारातच उभा राहतो आणि तिथे गर्दी सगळ्यात जास्त असते.

निघण्यापूर्वी बी-१ करा, मास्टर संपेपर्यंत बी-२ गाठा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आणि मॅक्सम्युलर भवन, मुंबईतही मॅक्सम्युलर भवन, ही खात्रीची ठिकाणं. गावाकडच्या मुलांना ऑनलाइन वर्ग आहेतच. भाषेवर घालवलेलं एक वर्ष सीजीपीएतल्या अर्ध्या गुणापेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

राहायची सोय कशी होते?

प्रवेशपत्र हातात आलं की त्याच दिवशी स्टुटगार्टच्या श्टुडीरेंडेनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थी कल्याण संस्थेकडे, वसतिगृहाचा अर्ज टाका. एस्लिंगन आणि ग्योपिंगनची विद्यार्थी वसतिगृहं त्यांच्याकडे आहेत आणि प्रतीक्षायादी लांब असते. खासगी खोली बघताना, न पाहता कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका. फसवणुकीचे प्रकार बरेच होतात. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते द्यायला जो तयार नाही, त्याची खोली घेऊ नका.

या भागात केअरवोखे नावाची रीत आहे. इमारतीचा जिना, तळघर, दारापुढचा रस्ता झाडण्याची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्यानं फिरते. पाळी आली की तुमच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकलेली दिसते. आठवडा संपला, झाडून-पुसून झालं, की ती शेजारच्या दाराला लावायची. पाटी तशीच राहिली तर शेजारच्या आजी दार वाजवतात. नीट पाळली तर त्याच आजी पुढे घर शोधायला मदत करतात.

शाकाहारी जेवणाचं काय?

मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, रोज शाकाहारी पदार्थ असतो. डाळ, तांदूळ, मसाले स्टुटगार्टमधल्या भारतीय दुकानांत मिळतात. कुकर घरून न्या.

वाहन उद्योगात मंदी आहे म्हणतात. मग नोकरी मिळेल का?

मंदी खरी आहे. बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये वाहन विभागातून आणखी १३,००० जागा कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यातला मोठा भाग याच राज्यातला. डिझेल आणि पारंपरिक इंजिनाच्या कामात नवी भरती जवळपास थांबली आहे. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या दादा-ताईच्या अनुभवावरून आज ठरवू नका. त्याच क्षेत्रात सॉफ्टवेअर, बॅटरी, चाचणी यांना अजून मागणी आहे. त्याबाहेर ऑटोमेशन, इमारतींचं ऊर्जा तंत्र, वैद्यकीय उपकरणं यांत माणसं लागतात. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलानं ऐच्छिक विषय निवडताना हे लक्षात घ्यावं.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात कोणतंही काम करून खर्च भागवता येतो. नोकरी लागली की ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा वास्तव्य आणि कामाचा परवाना. नव्या पदवीधरांसाठी २०२५ साली त्याची पगारमर्यादा वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती, ती दरवर्षी बदलते. जर्मन पदवी असलेल्यांना दोन वर्षांच्या नोकरीनंतर, बी-१ जर्मन असेल तर, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

महाराष्ट्र आणि या राज्याचा करार आहे ना? त्यातून प्रवेश मिळतो का?

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. दोन्ही राज्यांत २०१५ साली भागीदारी झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. तो परिचारिका, तंत्रज्ञ, वाहनचालक, सुतार अशा कामांसाठी आहे. होखशूलेच्या प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. या कराराचं नाव घेऊन कुणी प्रवेशाची हमी देत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

इथून मास्टर करून पुढे पीएच.डी. करता येते?

येते. होखशूलेची मास्टर पीएच.डी.साठी ग्राह्य आहे. पूर्वी मार्गदर्शक विद्यापीठातला शोधावा लागे. फुल्डाच्या होखशूलेला २०१६ साली जर्मनीत पहिल्यांदा स्वतः डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये २०२२ पासून होखशूलेंच्या संयुक्त मंडळामार्फत ही सोय झाली आहे. उद्योगासोबतच्या संशोधन प्रकल्पात पगारी जागा मिळाली तर फीचा प्रश्नच येत नाही.

मराठी माध्यमातून शिकलो आहे. अडचण येईल का?

प्रवेशात नाही. बोर्डाच्या गुणपत्रिका इंग्रजीत असतात, कुणी माध्यम विचारत नाही. इंग्रजी मास्टरसाठी आयईएल्टीएस किंवा तत्सम परीक्षा द्यावीच लागते, ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही चुकत नाही. तोंडी सादरीकरणाला सुरुवातीला अडखळायला होतं. तिथे वर्गमित्रांसमोर आधी एकदा बोलून बघा आणि चित्रं, आकृत्या जास्त वापरा. प्राध्यापक उच्चार नाही, आकडे तपासतात. जर्मन तर सगळ्यांना शून्यापासून शिकायची असते. आणि ‘ळ’, ‘ण’, ‘च’चे दोन उच्चार लीलया करणाऱ्या जिभेला ‘त्स’ म्हणायला त्रास पडत नाही.